बेचाळीस दारांचे खिळे

कलावतीबाई मेश्राम नऊ वर्षं आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी पोळ्या करतात. त्यांचे केस पहिल्या दिवसापासून मानेवर कापलेले. रायपूरचा उन्हाळा आणि दिवसभर चार घरच्या शेगड्या, त्यामुळे कापत असतील, असं मी धरून चालले होते. शेजारच्या सुनेचे केस कशानं गळतात याची मी चौकशी केली, तेलही सुचवलं. यांना मात्र नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मला माहीत होतं ते एवढंच. माहेर गोंदियाकडचं. नवरा हरिदास, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता, तो वारला. मूलबाळ नाही. राहायला बूढ़ापाऱ्यात एक खोली. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला सुट्टी, बाकी वर्षभर एक दिवस खाडा नाही.

त्यांची गोष्ट मला कळली ती एका इंग्रजी सिनेमामुळे.

आमची लेक ईरा कॉलेजात सिनेमाचा अभ्यास करते. मागच्या उन्हाळ्यात तिला जुन्या, कमी पैशांत काढलेल्या इंग्रजी रहस्यपटांवर काहीतरी लिहून द्यायचं होतं. तिनं एक काळा-पांढरा सिनेमा टीव्हीला जोडला. थांबवून थांबवून टिपणं काढायची, त्यामुळे सव्वा तासाचा सिनेमा तीन दुपारी पुरला. आमचं स्वयंपाकघर बैठकीला लागूनच आहे. कलावतीबाई पोळपाटावरून मान वर करून पाहायच्या. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यांना काही अडलं नाही.

"हे एकच गल्ली तीनदा दाखवून राहिले," पहिल्याच दुपारी त्या म्हणाल्या.

"बजट ही नहीं था, मौसी," ईरा हसली. "तीन दीवारें खड़ी कीं, धुआँ छोड़ा, हो गया गाँव."

"गाव बरोबर आहे पण. लोकं बरोबर आहेत."

सिनेमातल्या त्या गावात मेंढ्या मरायला लागतात. गावाच्या टोकाला एक मास्तरीण एकटी राहते, बाहेरून आलेली. लोक आधी तिच्याशी बोलणं सोडतात, मग दुकानदार तिला सामान देत नाही, मग मुलांना शाळेतून काढतात. पुढे एका दृश्यात गावातले लोक आपापल्या दारावर घोड्याची नाल ठोकायला लागतात.

कलावतीबाईंचं लाटणं थांबलं.

"ते काय ठोकून राहिले, ईरा?"

"घोड़े की नाल. चुड़ैल अंदर न आए इसलिए."

"लोखंड," कलावतीबाई म्हणाल्या. तव्यावरची पोळी जळली. नऊ वर्षांतली पहिली. ती त्यांनी उतरवली, ताटलीत ठेवली आणि म्हणाल्या, "ही मी खाईन."

तिसऱ्या दुपारी शेवट आला. शहरातून एक टोपीवाला इन्स्पेक्टर येतो आणि मेंढ्यांना विष घालणारा गावचा डॉक्टरच होता हे सिद्ध करतो. डॉक्टरला गाडीत बसवतात, लोक इन्स्पेक्टरशी हात मिळवतात. मास्तरीण पेटी घेऊन बसमध्ये चढते. धूर. समाप्त.

"ते डॉक्टर मी पयल्याच दिवशी ओळखला होता," कलावतीबाई म्हणाल्या. "सगळ्यात पुढं होऊन तोच ओरडे. पण ते बाई कुठं गेली?"

"चली गई. फ़िल्म ख़त्म."

"अशी कशी गेली? तिच्या दारावर गोटे मारले त्या लोकायनं. तिले कोणी काही म्हटलंच नाही? तिनं कोणाले काही म्हटलं नाही?"

"मौसी, पुरानी फ़िल्म है."

"सिनेमा जुना आहे, पण बाई त जुनी नाही न." त्यांनी हात पुसले, आणि पुसायची गरज नव्हती तो ओटाही पुसला. मग माझ्याकडे वळल्या. "इंदूताई, आमच्या गावात त कोणी साहेबही आला नाही."

त्या दुपारी पोळ्या तशाच राहिल्या.

सिलतऱ्याच्या पलीकडचं एक गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, कलावतीबाईंनीच सांगितलंय लिहू नका म्हणून, "नाव लिहिलं त लोकं म्हणतील ते एकच गाव असं हाय." हरिदासला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तिथं घर स्वस्त मिळालं. एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्रेचाळीस घरं, त्यातलं एक यांचं. चौदा वर्षं राहिले. तिथली बोली शिकल्या, बायांबरोबर धान लावायला गेल्या, बाळंतिणींना शेकायला गेल्या.

हरेली आपल्या छत्तीसगढात सगळ्यांना ठाऊक आहे, सरकारी सुट्टी असते. इथल्या पंचांगात श्रावण अमावस्या, मराठी पंचांगात आषाढातली. शेतीची अवजारं धुऊन पूजतात, पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढून फिरतात, घरोघर तांदळाच्या पिठाचा चीला करतात. त्याच दिवशी गावचा लोहार घरोघर जाऊन दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकतो आणि कडुलिंबाची डहाळी खोचली जाते. टोनही, म्हणजे नजरेनं, मंत्रानं गुरंढोरं-लेकरं मारणारी बाई, त्या दिवशी बाहेर पडते असं मानतात. ती लोखंडाला हात लावू शकत नाही, खिळा ठोकलेल्या दारातून तिला आत जाता येत नाही.

पहिल्याच वर्षी बिसाहू लोहार यांच्या दाराशी आला. कलावतीबाईंनी हात जोडून सांगितलं, "आमच्यात नाही चालत, भैया. आम्ही बाबासाहेबाचे लोक. दीक्षा घेतली तवा असं काही मानणार नाही म्हणून शब्द दिला." वर त्याच्या सुपात तांदूळ घातले, चहा पाजला. चौदा वर्षं तेच. बिसाहू यायचा, तांदूळ घ्यायचा, खिळा परत न्यायचा. त्यांना वाटायचं आपण सभ्यपणे वागतोय.

"आमची चूक तेवढीच," त्या म्हणाल्या. "आम्ही धर्म पाळून राहिलो होतो, आन् लोकं पाहून राहिले होते का हे बाई खिळ्याले भिते."

चौदाव्या पावसाळ्यात जनावरं मरायला लागली. आठवड्यात अकरा. त्यात बिसाहूची गाभण गाय. हरिदासला कारण माहीत होतं. तार बनवणाऱ्या एका कारखान्यातून तेजाबाच्या पाण्याचे टँकर निघत आणि ते भैय्यालालच्या शेतातल्या खड्ड्यात रिकामे होत. भैय्यालाल म्हणजे गावचा किराणावाला, पंच. पाऊस जास्त झाला, खड्डा भरून तळ्यात उतरला, जनावरं त्या तळ्यावर पाणी प्यायची. हरिदास हे चार लोकांत बोलला. दुसऱ्याच दिवशी भैय्यालालनं दुकानासमोर लोक गोळा केले आणि एकच प्रश्न विचारला: साऱ्या गावात खिळा नसलेलं दार कोणाचं?

पुढचं कलावतीबाईंनी फार सांगितलं नाही. तळ्याभोवती फिरवलं. हरिदासला दोघांनी धरून ठेवलं. भैय्यालालनं दुकानातली सुतळी कापायची कात्री आणली आणि कमरेपर्यंतची वेणी स्वतःच्या हातानं कापली. बाया दारादारात उभ्या होत्या. ज्यांना शेकलं होतं, त्याही.

"कोणी काही बोललं नाही?"

"एक बोलली. म्हणे, जल्दी करा, पाणी येऊन राहिलं."

टोनही म्हणून छळण्याविरुद्ध आपल्या राज्यात वेगळा कायदा आहे. तेव्हाही होता. हरिदासनं ठाण्यात कागद लिहून दिला, पण साक्षीला बेचाळीस घरांतलं एकही माणूस उभं राहिलं नाही. नवरा-बायको रायपूरला आले. हरिदास दोन वर्षांत गेला. शेवटपर्यंत म्हणत होता, माझे हात धरले होते गं, मी काय करू.

"मंग मी केस वाढूच नाही देल्ले," कलावतीबाई म्हणाल्या. "वाढले त मले इसर पडला असता."

मी चहा केला. त्यांनी घेतला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "यंदा हरेलीले मी सुट्टी घेईन. तुम्ही येता का माझ्यासंग? काही करायचं नाही. फक्त पाहायचं. तवा पाहणारं आपलं कोणी नव्हतं."

नरहर, माझे यजमान, म्हणाले की हे काही बरं नाही, पोलिसांना घेऊन जा. मी म्हटलं, पोलिसांना काय सांगू, एक बाई सुट्टीच्या दिवशी आपल्या जुन्या गावी जाणार आहे? त्यांनी गाडीची किल्ली ईराच्या हातात दिली, आणि दर अर्ध्या तासानं फोन करायला बजावलं.

हरेलीच्या सकाळी नऊ वाजता कलावतीबाई आल्या त्या पांढरीशुभ्र साडी नेसून. विहारात जाताना नेसतात ती. हातात कापडी पिशवी. गाडीत ईरा म्हणाली, "मौसी, मैं वीडियो बना लूँगी. सबूत रहेगा."

"नाही बेटा. मोबाइल ठेव पिशवीत. कॅमेरा पाहिला का माणूस तोंड बंद करते. मले त्याचं तोंड उघडं पाहिजे, आन् गावाचे कान."

गाव तसं साधंच. नव्या सिमेंटच्या गल्ल्या, दारांवर ताजा कडुलिंब, पोरं गेडीवर खटखट चालत होती. पाऱ्याच्या तोंडाशी आम्ही उतरलो. कलावतीबाई पुढे, आम्ही दोघी मागे. पहिल्या दाराशी एक म्हातारी तांदूळ पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलं, आणि सूप तसंच टाकून घरात गेली. दुसरं दार लागलं. तिसरं. गेडीवरच्या पोरांना आयांनी खसकन खाली ओढलं. सबंध गल्लीत कड्या लागत गेल्याचे आवाज येत होते, आणि कलावतीबाई भाजी घ्यायला निघाल्यासारख्या चालत होत्या.

मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. मी बाजूनं चेहरा पाहिला. त्या दारं मोजत होत्या.

भैय्यालालचं घर दुकानाच्या मागे, दुमजली झालेलं. चौकटीत नवा खिळा, डोक्यावर हळद-कुंकू. कलावतीबाई समोरच्या ओट्यावर बसल्या. पिशवी मांडीवर. नुसत्या दाराकडे पाहत राहिल्या.

अर्धा तास गेला. नरहरांचा फोन येऊन गेला. लोक लांबून जमत होते, आधी पुरुष, मग बाया, भिंतीला पाठ लावून. अखेर भैय्यालाल बाहेर आला. साठी उलटलेला, गुडघे धरलेला माणूस. मी मनात काहीतरी आडदांड धरून आले होते.

"इथं काहून आलीस?" तो म्हणाला. बोलणं सगळं छत्तीसगढीत चाललं होतं, मी आपल्या भाषेत लिहिते.

कलावतीबाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"पोलीस बोलवीन."

"बोलव न."

तो उभा राहिला. मग आतून तान्ह्या मुलाचं रडणं आलं. कलावतीबाईंनी मान तिरपी केली आणि बाळंतिणीच्या घरी गेल्यावर कोणीही विचारेल तसं, अगदी मायेनं विचारलं, "नातू झाला म्हणे? किती दिवसाचा? नाव काय ठेवलं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला कलावतीबाईंची भीती वाटली. ज्या हातच्या पोळ्या नऊ वर्षं खाल्ल्या त्याच बाईची. ईरानं माझा दंड पकडला.

भैय्यालालचा चेहरा राखेसारखा झाला. "नाव नाही सांगत."

"नको सांगू. ऐकू येईल मले कधीतरी. कोणी हाक मारेलच."

"काय पाहिजे तुले?" तो ओट्याच्या पायरीशी आला. "साडी देतो. नारळ देतो. तू म्हणशील ते. पोराचं नाव घेऊ नको बाई."

"मी तर काहीच मागितलं नाही. बसली आहे फक्त."

"म्हणशील त सांगतो सगळ्यायले. कलावती टोनही नाही! ऐका रे, कलावती टोनही नाही!" तो लोकांकडे वळून ओरडला. आवाज फाटला होता. गर्दीतलं एकही डोकं हललं नाही. ज्या माणसाचे पाय लटपटताहेत त्याच्या या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? उलट लोक अजून एक पाऊल मागे सरले.

कलावतीबाईंनी ते पाहिलं. मला वाटतं, त्या गावातून निघाल्या त्या दिवसापासून हेच वाक्य त्यांना ऐकायचं होतं. ते मिळालं, आणि कवडीच्या कामाचं नव्हतं.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "तळ्याचं सांग."

"कोणत्या तळ्याचं?"

"बाळाले पाणी कुठचं पाजता? बोअरचं का तळ्याचं?"

एवढंच. तो मटकन खाली बसला आणि भडाभडा बोलायला लागला. टँकर आपणच आणवले, खड्डा आपणच दिला, हरिदास खरं बोलत होता, अकरा जनावरं त्या पाण्यानं मेली. आपल्याला तेव्हाच कळलं होतं. लोक आपल्याला फाडतील म्हणून खिळ्याची गोष्ट काढली. "माझ्यावर काढ काय काढायचं ते. लेकराले सोड."

गर्दीत बिसाहू लोहार होता, हातात हातोडा, कमरेला खिळ्यांची पिशवी. अर्धी घरं अजून व्हायची होती. तो पुढे आला. "माझी गाय?" त्यानं विचारलं.

भैय्यालालनं मान खाली घातली.

तेव्हा कलावतीबाई उठल्या. पिशवीतून त्यांनी हरिदासची पक्कड काढली, कारखान्यातली, दांड्यांवर लाल रबर चढवलेली. भैय्यालालला ओलांडून त्या दाराशी गेल्या. कोणीतरी किंचाळलं. त्यांनी डाव्या हाताचा पंजा चौकटीवर ठेवला, पकडीत खिळ्याचं डोकं धरलं आणि दोनदा हलवून खिळा उपटला. पक्कड पिशवीत टाकली. मग तो खिळा उघड्या तळहातावर घेऊन, मूठ वळून, पुन्हा उघडून त्या एकेकाला दाखवत फिरल्या. हळद त्यांच्या बोटांना लागली होती.

"लोखंड आहे," त्या म्हणाल्या. "टोनही हात लावू शकत नाही म्हणता न? पहा. जळला का माझा हात?"

भैय्यालाल खालून पाहत होता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू उतरत गेलं. या बाईत कधीच काही नव्हतं. ती नुसती एक बाई होती, बसलेली. आणि तिला भिऊन आपण आपल्या तोंडानं सगळं सांगून बसलो. गावासमोर. तो लोकांकडे वळला तेव्हा लोक त्याच्याकडे पाहत होते. आता भिंतीला पाठ न लावता.

"त... माझा नातू?" तो पुटपुटला.

"तुझ्या नातवाले काय होते? पाणी चांगलं पाज."

परतीच्या वाटेवर गल्लीतली सगळी दारं उघडी होती. कोणी आम्हाला अडवलं नाही, कोणी थांबाही म्हटलं नाही. मागे दुकानापाशी आवाज चढत चालला होता. गाडीत बसल्यावर ईरानं विचारलं, "मौसी, अच्छा लगा?"

"हव," कलावतीबाई म्हणाल्या. सिलतरा मागे पडल्यावर म्हणाल्या, "बहुत."

पुढे काय झालं ते ऐकून आहोत. नातवाच्या छट्ठीला, सहाव्या दिवसाच्या जेवणाला, गावातलं कोणी गेलं नाही. दुकान बंद पडलं. जनावरं गेलेल्या घरांनी मिळून अर्ज केला, आता साक्षीदारांना तोटा नाही. भैय्यालाल लेकीकडे निघून गेला.

मी मूर्खासारखी म्हणाले, "चला, झालं एकदाचं." कलावतीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कांदा चिरायला घेतला.

पोळ्याच्या सणानंतर बिसाहू आणि दोन बाया पत्ता शोधत आमच्या दाराशी आले. त्यातली एक, पाऊस येतोय, लवकर करा म्हणणारी. कलावतीबाईंनी त्यांना बैठकीत बसवलं, माझ्या चांगल्या कपांत चहा दिला. बाया रडल्या. गाव म्हणतंय परत या, घर अजून तसंच आहे, आम्ही लिंपून देऊ.

"केस कोणी कापले?" कलावतीबाईंनी विचारलं.

"भैय्यालालनं."

"पाहिलं कोणी?"

दोघींनी पदर पुढे ओढला.

"पुढच्या हरेलीले येईन मी. बिसाहूच्या ओट्यावर बसीन. त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्या. मंग हिच्या. जिंदगी आहे अजून."

बिसाहूनं कप खाली ठेवला. खिशात हात घालून एक खिळा काढला, चहाच्या ताटलीशेजारी ठेवला. "माझ्या दारचा," तो म्हणाला. "मीच उपटला. आता नाही ठोकणार. कोणाच्याच नाही."

कलावतीबाईंनी खिळा उचलून उलटसुलट पाहिला. मला वाटलं, आता विरघळतील.

"बाकीचे?" त्या म्हणाल्या.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरचं कॅलेंडर भैय्यालालच्या दारच्या खिळ्याला टांगलेलं आहे. खाली फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. दर पंधरवड्याला गावाकडून कोणीतरी येतं, दाराशी चपला काढतं, मान खाली घालून कागदाची पुडी देतं. कलावतीबाई पुडी सोडवतात, कोणाच्या दारचा ते विचारतात, डब्यात टाकतात आणि पाणी देतात. चहा नाही. काल मी डबा मोजला. कॅलेंडरचा धरून सतरा झाले आहेत. पंचवीस यायचे आहेत, आणि हरेलीला चार महिने उरलेत. पांढरी साडी त्यांनी इस्त्री करून आमच्याच कपाटात ठेवली आहे.